मोठा टर्बो नंतर, आधी पहिले १८ मीटर

तुमचा प्रश्न असा आहे की, तुमच्याकडे मॅन्युअल गिअरची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय आहे, तिचे रिमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवणे) झालेले आहे आणि आता ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत पाव मैल (४०२ मीटर) धावण्याच्या शर्यतीत, उतरायचे आहे. तर पुढचे पैसे मोठ्या टर्बोवर (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्रावर) घालावेत का, आणि तोपर्यंतचा सराव रात्री रिकाम्या बायपासवर केला तर चालेल का? मी याच मॉडेलची गाडी तीन हंगाम पाव मैलाच्या शर्यतीत चालवली आहे आणि दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच दोन धावांच्या नोंदींत आहे. दोन्ही वेळी गाडी रिमॅप केलेली, साधारण १४० अश्वशक्तीची होती आणि इंजिनात काडीचाही बदल नव्हता. पहिल्या धावेत सुरुवातीच्या ६० फुटांना, म्हणजे सुमारे १८ मीटरना, २.६८ सेकंद लागले, ४०२ मीटर १५.९४ सेकंदांत पूर्ण झाले आणि शेवटचा वेग ताशी १४१ किलोमीटर होता. पुढच्या वेळी टायर बदललेले होते आणि क्लच सोडण्याची पद्धत सुधारलेली होती. तेव्हा पहिले ६० फूट २.३४ सेकंदांत गेले, एकूण वेळ १५.४१ सेकंद आली आणि शेवटचा वेग १४२ नोंदवला गेला. शेवटचा वेग जवळजवळ तोच राहिला, कारण तो मुख्यतः इंजिनाच्या ताकदीवर आणि गाडीच्या वजनावर ठरतो. मात्र सुरुवातीला वाचलेल्या ०.३४ सेकंदाचे शेवटी ०.५३ सेकंद झाले, कारण लवकर मिळालेला वेग पुढच्या प्रत्येक मीटरला उपयोगी पडतो. तुमच्या हातात नोंदीचा कागद येईल तेव्हा हे दोन आकडे आधी पाहा. शेवटचा वेग चांगला असून पहिले ६० फूट रडत असतील, तर दोष टायरमध्ये आणि क्लच सोडणाऱ्या डाव्या पायात आहे, आणि त्यावर टर्बो हा उपाय नाही.

ताकदीचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. पाव मैलाची वेळ ही ढोबळमानाने वजन भागिले अश्वशक्ती या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेळ १० टक्क्यांनी कमी करायची तर ताकद सुमारे ३७ टक्क्यांनी वाढवावी लागते, आणि वेळ निम्म्यावर आणायची तर ताकद आठपट लागते. पोलोचे कंपनीने दिलेले आकडे ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) असे आहेत. चालकासह वजन ११५० किलो धरले, तर मूळ गाडीची वेळ गणिताने १६.७ सेकंदांच्या आसपास येते, १४० अश्वशक्तीला १५.४ आणि १८० अश्वशक्तीला १४.२. शेवटचा आकडा मोह पाडणारा आहे, पण हे गणित गाडीची सगळी ताकद रस्त्यावर उतरते असे गृहीत धरते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जागेवरून उसळली की वजन मागच्या चाकांकडे सरकते आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची, नेमकी तीच हलकी होतात. तिथे वाढवलेला टॉर्क धुरात जातो.

दुसऱ्या हंगामात मी मोठा टर्बो बसवून पाहिला. मूळ क्लच टिकेल, असे मला गॅरेजमध्ये खात्रीने सांगण्यात आले होते आणि मी ते मानले. तिसऱ्या धावेत तिसरा गिअर पडला, आरपीएमचा काटा झपकन वर गेला, वेग मात्र होता तिथेच राहिला, आणि दोन सेकंदांत जळक्या क्लचचा तो आंबूस, घशात बसणारा वास केबिनमध्ये भरला. गाडी फ्लॅटबेडवर घालून घरी आणावी लागली. मोठा टर्बो म्हणजे एकटा टर्बो नसतो. त्याच्या मागून क्लच, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग), इंधनपुरवठा आणि नवे मॅपिंग असा सगळा खर्च येतो, शिवाय तीन सिलिंडरच्या लहान इंजिनात मोठा टर्बो पुरेसा दाब तयार करायला वेळ घेतो, तेही नेमके सुरुवातीच्याच मीटरना.

म्हणून पैसे आधी चांगल्या पकडीच्या टायरवर घाला. शक्य असेल तर मऊ रबराचे, कमी खाचांचे सेमी-स्लिक टायर घ्या. मी धावेपूर्वी पुढच्या टायरमधली हवा २६ पीएसआयपर्यंत उतरवतो, मागची नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवतो, आणि धाव संपल्यावर लगेच पुन्हा नेहमीइतकी भरतो. साधे रस्त्यावरचे टायर असतील तर लांबलचक बर्नआउट (चाक जागेवर फिरवून टायर तापवणे) करू नका. एकदा चाक थोडेसे फिरवून चिकटलेली माती झटकली की पुरे, कारण असे टायर जास्त तापले की पकड वाढण्याऐवजी निसरडे होतात. बर्नआउटसाठी पाणी टाकलेले असेल तर साध्या टायरने त्याला वळसा घालून पुढे या, नाहीतर टायरच्या खाचांत अडकलेले पाणी स्टार्ट लाइनपर्यंत तुमच्यासोबत येते. सुटताना मी इंजिन ३२०० आरपीएमवर धरतो आणि क्लच एकदम न सोडता पहिले काही मीटर घासत सोडतो. टायरचा बारीक, सलग चीत्कार ऐकू आला तर पकड योग्य आहे. स्टिअरिंग हातात थडथडू लागले तर चाक उड्या मारते आहे, आणि तेव्हा ॲक्सिलरेटर किंचित कमी केलेला बरा.

रांगेत उभे असतानाही वेळ हातची जाते. टर्बोच्या गाडीत उन्हात अर्धा तास थांबून तापलेला इंटरकूलर पहिल्याच धावेत ताकद खातो, म्हणून बॉनेट उघडे ठेवा आणि इंजिन बंद करून गाडी ढकलत पुढे न्या. तुमचे मॅपिंग जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेले असेल, तर टाकीत साधे पेट्रोल भरून स्टार्ट लाइनवर येऊ नका.

आता रात्रीच्या बायपासविषयी, आणि हे मी पूर्ण कळकळीने लिहितो आहे. ताशी १४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे ३९ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद गेला, तर त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी शंभरेक मीटर लागतात. दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा दुभाजकातून निघालेली म्हैस तुम्हाला १४० मीटर आधी दिसणार नाही. धावपट्टीवर ४०२ मीटरनंतर गाडी थांबवण्यासाठी मोकळी लांबी राखलेली असते, रुग्णवाहिका उभी असते. ड्रॅग रेसिंग मुळात यासाठीच संघटित झाले: कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे १९५० मध्ये विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी रस्त्यावरची पोरे सुरक्षित जागी आणण्यासाठी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

कायदाही स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीच्या मूळ तपशिलांपासून नोंदणीतील तपशील वेगळे पडतील असे बदल कलम ५२ ला मान्य नाहीत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे; म्हणून बदल केलेली गाडी शर्यतीला ट्रेलरवरून नेणे उत्तम. खासगी गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी सहसा वगळलेली असते, हेही पॉलिसीत वाचून घ्या.

सराव हवाच असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा स्पर्धा परवाना काढा, त्यांची मान्यता असलेल्या शर्यतीत नाव नोंदवा आणि पहिला दिवस फक्त सुटण्यासाठी वापरा. स्टार्ट लाइनवर पहिला दिवा लागला की गाडी इंचाइंचाने पुढे घ्या आणि दुसरा दिवा लागताक्षणी थांबा. तिथे थांबलात तर चाक स्टार्ट लाइनवरच्या प्रकाशकिरणाबाहेर पडून घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला थोडेसे अंतर फुकट मिळते. टायरचा आकार आणि क्लच मूळचाच आहे की बदललेला, हे कळवलेत तर किती आरपीएमवर सुटायचे, ते मी अधिक नेमके सांगू शकेन.