वाचकांचे प्रश्न : नऊ वर्षांनंतर नवजात बाळांच्या विभागात जावे का?

प्रश्न : मी मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल आयसीयूमध्ये नऊ वर्षे स्टाफ नर्स आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, जागा रिकामी झाली असून मेट्रनबाईंनी माझे नाव सुचवले आहे. जाण्याची इच्छा आहे, परंतु एवढेसे बाळ हाताळण्याची धास्ती वाटते आणि वयाने लहान असलेल्या सिस्टरच्या हाताखाली पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल, हेही खुपते. माझा अनुभव वाया जाईल का?
– एक परिचारिका, डोंबिवली

उत्तर : जावे, असे माझे मत आहे, मात्र काही गोष्टी मेट्रनबाईंकडून आधी कबूल करून घ्याव्यात. मी स्वतः बारा वर्षे मोठ्यांच्या वॉर्डात काढून या विभागात आले, त्यामुळे तुमची धास्ती मला परकी नाही. अनुभव वाया जात नाही. व्हेंटिलेटरची ओळख, संसर्ग टाळण्याची शिस्त, दाराशी ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी बोलण्याची सवय, हे सारे तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. त्रास होतो तो त्याच अनुभवाने हातात भिनलेल्या सवयींचा.

ऑक्सिजनचेच पाहा. मोठ्या रुग्णाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे टक्के, 100 दिसले की आपल्याला हायसे वाटते. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र साधारणपणे 90 ते 95 च्या दरम्यान ठेवतात, कारण जादा ऑक्सिजनामुळे डोळ्याच्या पडद्यावरील अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि पुढे दृष्टीही जाऊ शकते. माझ्या दुसऱ्याच नाइटला मॉनिटर 84 दाखवून ओरडू लागला आणि माझा हात आपसूक ऑक्सिजन वाढवायला गेला. परिसेविकाबाईंनी मनगट धरले आणि म्हणाल्या, "आधी बाळाकडे बघा." बाळाचे ओठ गुलाबी होते, छाती नीट हलत होती, सॅच्युरेशन मोजणारा तळपायावरचा प्रोब तेवढा सैल झाला होता. तेव्हा राग आला होता, हे कबूल करते.

दुसरी गोष्ट दशांश चिन्हाची. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या 2 मिलीच्या अँप्यूलमध्ये 80 मिलिग्रॅम औषध असते. एक किलोच्या बाळाला 4 मिलिग्रॅम लिहून दिले असेल, तर सिरिंजमध्ये येते अवघे 0.1 मिली. चुकून 1 मिली भरले गेले, तर मोठ्यांच्या वॉर्डात वावरलेल्या आपल्या डोळ्याला ते थोडेच वाटते, शंकासुद्धा येत नाही, आणि बाळाला दहापट डोस जातो. म्हणून प्रत्येक डोस दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे मोजून पाहिल्याशिवाय द्यायचा नाही. ती वयाने लहान असली तरी. रक्ताचेही तेच. एक किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून 80 ते 90 मिली रक्त असते, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे. त्यातले 5 मिली तपासणीला काढणे म्हणजे मोठ्या माणसाचे जवळजवळ पाव लिटर काढण्यासारखे आहे.

या विभागात दूधही औषधासारखे मोजतात. दर दोन तासांनी 2 मिली, नळीवाटे, आणि तेही शक्यतो आईचेच. आपल्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदूध पेढी सुरू झाली ती याच गरजेतून. बाळाच्या पाटीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव असते. ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून बाळाची माहिती घेताना, बाळाइतकीच त्या आईची विचारपूस करा, कारण टाके ओले असताना ती जिना चढून दूध घेऊन येते.

बाळ दगावते तेव्हा रडू येते, इतकी वर्षे झाली तरी येते. मोठ्यांच्या आयसीयूत नऊ वर्षे काढलेल्या बाईला याहून अधिक काय सांगावे?

आता अटी. पहिले तीन महिने अनुभवी सिस्टरच्या जोडीने ड्युटी मिळावी, तोवर नाइटला एकटीवर बाळे सोपवू नयेत आणि नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण आधी व्हावे, एवढे लेखी मागा. भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. पण सहा महिने काम करून मन रमते का ते पाहावे आणि मगच त्याला नाव घालावे. तुमच्यापेक्षा लहान सिस्टर शिकवेल याचे खुपणे आठवडाभर टिकते, कारण हजार ग्रॅमच्या बाळाला सलाईन लावताना तिचा हात कसा चालतो हे एकदा पाहिले की आपणच तिच्या शेजारी स्टूल ओढून बसतो.

पहिल्या दिवशी बांगड्या, अंगठी आणि घड्याळ डोंबिवलीलाच ठेवून निघा. तिथे कोपरापर्यंत हात धुवावे लागतात.