ओव्हरशूट नेमकं कशाच्या टक्के?

स्टेप दिल्यावर (सेटपॉइंट, म्हणजे हवी ती किंमत, एकदम बदलल्यावर) आंदोलनं घेत स्थिरावणाऱ्या कंट्रोल लूपबद्दल ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. ओव्हरशूट म्हणजे आउटपुट शेवटच्या किमतीच्या किती वर उसळतं ते. खूण सगळीकडे एकच ठेवली आहे. झीटा म्हणजे डॅम्पिंग रेशो (आंदोलनं किती लवकर विरतात त्याचं माप), ओमेगा-एन म्हणजे नैसर्गिक वारंवारता आणि ओमेगा-डी म्हणजे डॅम्पिंगसह दिसणारी वारंवारता.

ऐरोली, डिप्लोमा विद्यार्थी: बंद लूपचं ट्रान्सफर फंक्शन (इनपुट-आउटपुटचं गणिती नातं) १००/(एस² + ८एस + १००) आहे. राइज टाइम (शेवटची किंमत पहिल्यांदा गाठायला लागणारा वेळ) उणे ६.९ सेकंद आला. सूत्र तर पुस्तकातलंच आहे!

सूत्र बरोबरच आहे, कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिलाय. छेदावरून ओमेगा-एन = √१०० = १०. मधलं ८ म्हणजे २ × झीटा × ओमेगा-एन, म्हणून झीटा ०.४. ओमेगा-डी = १० × √(१ − ०.१६) = ९.१६५ रेडियन प्रति सेकंद.

राइज टाइम = (पाय − बीटा)/ओमेगा-डी, आणि बीटा म्हणजे ज्याचा कोसाइन ०.४ आहे तो कोन. तो ६६.४२ अंश, म्हणजे १.१५९ रेडियन. तुम्ही ३.१४ मधून थेट ६६.४२ वजा केलेत. रेडियन घेतलात की उत्तर ०.२१६ सेकंद येतं. पीक टाइम (पहिल्या शिखराची वेळ) = पाय/ओमेगा-डी = ०.३४३ सेकंद. ओव्हरशूट = ई^(−पाय × ०.४/०.९१६५) = ई^(−१.३७१) = ०.२५४, म्हणजे २५.४ टक्के.

उणे वेळ आली म्हणून चूक पकडली गेली, हे नशीबच. संपूर्ण रिस्पॉन्स काढताना हीच चूक गुपचूप बसते:

सी(टी) = १ − ई^(−४टी) × [कॉस(९.१६५टी) + ०.४३६ साइन(९.१६५टी)]

टी = ०.३४३ ठेवा. रेडियनमध्ये १.२५ येतं, डिग्रीत ०.७४. हा ०.७४ अगदी खरा वाटतो, कारण चढत्या आलेखात असा आकडा कुठे ना कुठे असतोच. म्हणून पीक टाइमचा बिंदू आधी तपासायचा, बाकीचा तक्ता मग भरायचा.

घोडबंदर रोड, टॉवरच्या बूस्टर पंपांची देखभाल: व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) प्रेशर ४ बारवरून ५ बार केलं, तर २.४ सेकंदांनी ५.३० बारला जाऊन मग खाली येतं. ०.३ भागिले ५, म्हणजे ओव्हरशूट ६ टक्केच. मग लूप इतका का डोलतो?

भागाकार ५ ने नाही, १ ने करायचा. प्रेशर १ बारने चढायला सांगितलं होतं, त्यावर ०.३ बार जास्त गेलं. ओव्हरशूट ३० टक्के. तुमच्या ६ टक्क्यांवरून झीटा ०.६७ येतो, म्हणजे लूप शहाणा वाटतो. ३० टक्क्यांवरून हिशेब असा:

०.३० च्या व्यस्ताचा नैसर्गिक लॉग १.२०४. झीटा = १.२०४/√(पाय² + १.२०४²) = ०.३५८. ओमेगा-डी = पाय/२.४ = १.३१. ओमेगा-एन = १.३१/√(१ − ०.१२८) = १.४०. दोन टक्क्यांच्या पट्ट्यात यायला अंदाजे ४/(०.३५८ × १.४०), म्हणजे ८ सेकंद.

पण हे आकडे वापरण्याआधी आलेखाचा पुढचा भाग बघा. लूप खरंच दुसऱ्या ऑर्डरचा असेल तर ४.८ सेकंदांवर प्रेशर ४.९१ बारपर्यंत उतरायला हवं (प्रत्येक झोका आधीच्याच्या ०.३ पट, ०.३ चा वर्ग ०.०९) आणि ७.२ सेकंदांवर ५.०३ च्या आसपास. पंपाच्या लाइनवर हे बऱ्याचदा जमत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे पंप प्रेशर वाढवू शकतो, उतरवू शकत नाही. उतरवतात ते घराघरांतले नळ. दुपारी वापर कमी असताना उतार लांबतो आणि सूत्र निरुपयोगी ठरतं. चाचणी सकाळी पाणी चालू असताना घ्या.

२.४ सेकंद सेटपॉइंट बदलल्यापासून मोजले, की प्रेशर हलायला लागल्यापासून? मधला डेड टाइम (काहीच न हलण्याचा वेळ) वगळायचा असतो. प्रेशर मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या मेनूतलं ‘डॅम्पिंग’ही बघा. त्याचा झीटाशी संबंध नाही, तो नुसता फिल्टर आहे. तो २ सेकंदांवर असेल तर खरं शिखर ५.३० च्याही वर गेलं असणार.

वागळे इस्टेट, मशीन बिल्डर: वरच्यासारख्याच सिस्टिमला (झीटा ०.४, ओमेगा-एन १०) सूत्र सेटलिंग टाइम (दोन टक्क्यांच्या पट्ट्यात कायमचं यायचा वेळ) १ सेकंद सांगतं, सिम्युलेशन ०.८४. कोणाचं धरू?

सिम्युलेशनचं. ४/(झीटा × ओमेगा-एन) हे आलेखाच्या वेष्टनरेषेचं (शिखरांना बाहेरून वेढणाऱ्या, विरत जाणाऱ्या रेषेचं) गणित आहे, प्रत्यक्ष आलेखाचं नाही. आलेख ०.६९ सेकंदांवर ६.४ टक्के खाली असतो, ०.८४ ला २ टक्क्यांच्या पट्ट्यात शिरतो आणि पुढचं शिखर (१.०३ सेकंद) १.६ टक्क्यांचंच असल्याने परत बाहेर पडत नाही. इथे सूत्राने जास्त वेळ सांगितली, ते परवडलं. झीटा १ च्या वर गेला की उलटं होतं. झीटा २ असताना सूत्र २/ओमेगा-एन म्हणतं, प्रत्यक्षात लागतात सुमारे १४.९/ओमेगा-एन. सात पट!

रबाळे, ड्राइव्ह कमिशनिंग: मोटरचं मॉडेल १/(एस + २), पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलरमध्ये प्रपोर्शनल ६, इंटिग्रल १००. छेद येतो एस² + ८एस + १००, म्हणजे ओव्हरशूट २५ टक्के हवा. स्कोपवर ३१ दिसतो.

स्कोप बरोबर आहे. तुम्ही छेद पाहिलात, अंश सोडलात. पीआयमुळे अंशात ६एस + १०० येतं, नुसतं १०० नाही. त्यातला ६एस मूळ रिस्पॉन्समध्ये त्याच्याच उताराचा ०.०६ पट भाग मिसळतो. आलेख चढताना उतार मोठा, म्हणून आलेख लवकर चढतो आणि जास्त उसळतो. शिखर ०.३४३ ऐवजी ०.२७४ सेकंदांवर येतं आणि ओव्हरशूट ३१.३ टक्के. ओव्हरशूट आणि पीक टाइमची नेहमीची सूत्रं अंशात एस नसतानाच लागू पडतात.

आता इंटिग्रल कमी करत बसू नका, त्याने लोड आल्यावर वेग सावरायला उशीर होईल. सेटपॉइंटच्या वाटेवर ०.०६ सेकंदांचा फर्स्ट ऑर्डर फिल्टर टाका. अंशातला ६एस कटतो, ओव्हरशूट २५.४ वर येतो आणि लोडचा रिस्पॉन्स जसाच्या तसा राहतो. ड्राइव्हमध्ये फिल्टर नसेल, पण प्रपोर्शनल फक्त फीडबॅकवर चालवायची सोय असेल, तर तिचाही परिणाम हाच. २५ सुद्धा जास्त वाटत असेल तर प्रपोर्शनल १२ करा. छेद एस² + १४एस + १०० होतो, झीटा ०.७. फिल्टर मात्र तेव्हा ०.१२ सेकंदांचा लागेल, जुनाच ठेवलात तर अंशातला १२एस पुरता कटणार नाही.