घरात मराठी, जिन्यात जर्मन

"मावशी, पोरगा मराठी विसरूलालाय" अशी पत्राची पहिलीच ओळ वाचली आणि मी चहाचा कप बाजूला ठेवला, कारण हे "विसरूलालाय" पुण्या-मुंबईचं कुणी लिहिणार नाही, ही पोरगी आपल्याकडचीच, बेळगावकडची. पुढं वाचलं तर खरंच, माहेर खानापूर, सासर वडगाव, नवरा उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात उमेदवारी करून आता जर्मनीत श्टुटगार्टला, मुलगा साडेचार वर्षांचा, तिथं जाऊन 14 महिने झालेत. बालवाडीत, म्हणजे तिथल्या किटात, पोरगा गप्प बसतो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर डोळ्याला पदर लावतात कारण नातू "हॅलो आजी"च्या पुढं जात नाही, नवरा म्हणतो घरात सरळ इंग्लिश सुरू करूया म्हणजे सगळीकडं चालेल, आणि त्यात भर म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला चिठ्ठी चिकटवली आहे. चिठ्ठीत काय ते तिला नीट कळलं नाही पण "झोनटाग" हा शब्द खाली दोनदा रेघ मारून आहे म्हणते.

बघ गे, मी त्याच शहरात 9 वर्षं काढून परत टिळकवाडीत येऊन बसलेय, तेव्हा मला जे दिसलं ते सांगते, पटलं तर घे.

पहिलं म्हणजे ते इंग्लिशचं भूत उतरव. इंग्लिश तुझ्या घरचं नाही, किटातलं नाही आणि त्या रस्त्यावरचंही नाही. तुझ्या नवऱ्याचं इंग्लिश ऑफिसचं आहे, त्यात व्हॉल्व्ह कसा गळतो ते झकास सांगता येतं, पण पोरानं रात्री "आई, चांदोबा आपल्या मागं मागं का येतो" विचारलं की त्या इंग्लिशमध्ये काय सांगणार? पोराला दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळेल. इंग्लिश त्याला शाळेत मिळणारच आहे, त्याची घाई नको.

आता मराठीचं. आपण बेळगावची माणसं, आपल्याला हा प्रश्न नवा आहे का? शहापुरात माझ्या बाबांचं सुताचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर घर, मध्ये लाकडी जिना. गोकाककडचं गिऱ्हाईक आलं की बाबा "बर्री, कुंड्री" म्हणून पाट सरकवायचे, हिशेब कन्नडमध्ये, घासाघीस कन्नडमध्ये, आणि जेवायला वर आले की सगळं मराठीत, दुकानातल्या भानगडीसुद्धा. मी लहान असताना जिना उतरताना पायऱ्या "ओंदू, एरडू, मूरू" अशा मोजायची आणि चढताना "एक, दोन, तीन". कुणी शिकवलं नव्हतं, मला वाटायचं पायऱ्यांची खाली जायची नावं वेगळी आणि वर यायची वेगळी. 1956 पासून आपल्याकडं भाषेवरून जे चाललंय त्यात मी इथं शिरत नाही, तो विषय निघाला की आमच्या घरात जेवण थंड होतं. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीय, कन्नड आलं म्हणून आमच्या गल्लीत कुणाची मराठी गेली नाही. मराठी गेली ती ज्या घरात आईबाप पोरांशी मराठीत फक्त "जेव, झोप, ओरडू नको" एवढंच बोलायचे आणि बाकी गप्पा टीव्हीवर सोडायचे, त्या घरात.

तेव्हा तुझ्या पोराला नुसते हुकूम नकोत, सगळंच मराठीत दे. नवऱ्याशी भांडलीस तर मराठीत भांड. ट्रामच्या खिडकीतून दिसेल ते मराठीत बोल. आंबोळीचं पीठ भिजवताना त्याला ओट्यावर बसव आणि "चिमूटभर मीठ, मूठभर पोहे, ओंजळभर तांदूळ" असं त्याच्या हातानं घालायला लाव, हे शब्द पुस्तकातून येत नाहीत, हाताला चिकटूनच येतात. तो जर्मनमध्ये उत्तर देईल, देऊ दे, तू पुढचं वाक्य मराठीतच बोल आणि "आधी मराठीत सांग मग देते" असली अट घालू नकोस. माझ्या धाकटीला मी ती घातली होती, तिनं दोन दिवस दूधच मागितलं नाही, बापावर गेलीय.

किटातल्या गप्प बसण्याची फार धास्ती घेऊ नको. नव्या भाषेत टाकलं की बरीच पोरं कित्येक महिने नुसती ऐकतात. माझा मोठा तिथं पहिला हिवाळा अख्खा मुका होता आणि एके दिवशी एका मुलानं त्याची गाडी ओढली तेव्हा एकदम अख्खं वाक्य बाहेर पडलं, तेही व्याकरणासकट. पण एक बघ, घरी मराठीत तो नीट बोलतो ना, गोष्ट सांगतो ना, मागून हाक मारली तर वळतो ना? वळत नसेल किंवा मराठीतही अडत असेल तर थांबू नको, बालरोगतज्ज्ञाकडं जा. तसंही पाच वर्षांच्या आसपास, म्हणजे 60 ते 64 महिन्यांत, ऊ-नॉइन नावाची तपासणी असते, त्यात बोलणं-ऐकणं बघतात. शाळेत घालायच्या आधी आरोग्य खात्याची तपासणी असते त्यातही भाषा बघतात. घरी मराठी बोलतो म्हणून तिथं लपवायचं काही नाही, उलट स्पष्ट सांग. आणि किटातल्या बाईंना एक कागद दे, त्यावर दहा मराठी शब्द जर्मन अक्षरांत लिहून: पाणी, शू, दुखतंय, नको, आई, भूक, झोप, असे. माझ्या पोराच्या बाईंनी तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला होता, आणि त्या "दुखटाय?" म्हणून विचारायच्या तेव्हा पोरगं रडायचं थांबून हसायचं.

आणि तू स्वतः? पत्रात तू पोराचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं सगळं लिहिलंस, स्वतःच्या जर्मनबद्दल अक्षर नाही. फोल्क्सहोखशूले म्हणजे तिथली लोकांसाठीची शाळा, तिथं इंटेग्रात्सिओन्सकुर्स म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचा कोर्स चालतो, साधारण 600 तास भाषेचे आणि 100 तास तिथल्या कायद्या-समाजाचे, शेवटी बी-वन पातळी, म्हणजे रोजचं निभेल एवढी भाषा. पोरगा किटात असतो तेवढ्या वेळात जमतो. आपल्या आज्या बाजारात "एष्टु?" विचारून भाजी घ्यायच्या, त्यांनी कुठं क्लास लावला होता, तसं तूही बेकरीत बोटानं दाखवायचं बंद कर आणि तोंडानं माग, चुकलं तर चुकलं.

आता ती चिठ्ठी. झोनटाग म्हणजे रविवार. तिथं रविवार आणि सुट्टीचा दिवस म्हणजे आवाज बंद, आणि रोज रात्री 10 ते सकाळी 6. ड्रिल, व्हॅक्यूम, मिक्सर, सगळं त्यात आलं. शिवाय प्रत्येक इमारतीची हाउसऑर्डनुंग म्हणजे नियमावली असते, कुठं कुठं दुपारचीही शांतता असते, ती भाड्याच्या कागदांबरोबर मिळालेली असणार, काढून वाच. कुकरच्या चार शिट्ट्यांना कुणी काही म्हणत नाही, पण रविवारी सकाळी सातला चटणी वाटायला मिक्सर लावलास ना? मला माहितीय, कारण मीपण लावला होता. शनिवारी संध्याकाळी वाटून फ्रिजमध्ये ठेव. आपल्याकडं शेजारीण दारात येऊन तोंडावर बोलते आणि संध्याकाळी तीच वाटीभर आमटी घेऊन येते, तिथं चिठ्ठी लावतात. तो अपमान नाही, तीच त्यांची रीत. तू चार चकल्या वाटीत घालून खाली जा, "एंटशुल्डिगुंग" म्हणजे "माफ करा" म्हण, बस्स. वाटी परत येताना रिकामी येईल, त्यावरून मनात काही धरू नको.

जिन्याचं अजून एक आहे, ते तुला कुणी सांगितलं नसेल तर ऐक. त्या भागात केअरवोखं नावाची पद्धत आहे, आठवड्याची पाळी, जिना आणि समोरचा रस्ता झाडायची, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवतात. पाळी झाली की पाटी पुढच्याच्या दाराला. माझ्या दाराला ती पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं नवीन आलोय म्हणून कुणीतरी भेट दिलीय, लाकडाची होती, छान होती, मी घरात नेऊन देवाऱ्याशेजारी लावली. दहा दिवस जिना कुणी झाडला नाही आणि अख्खी इमारत माझ्याकडं बघायची बंद झाली. शेवटी वरच्या मजल्यावरचे आजोबा आले, आत पाटी बघितली, आणि हसत हसत भिंतीला टेकले. त्या आजोबांनी मला जेवढं जर्मन शिकवलं तेवढं कुठल्या कोर्सनं नाही, कारण दर पाळीला ते खाली येऊन मी कोपरे काढते की नाही बघायचे आणि तोंडानं चालू असायचं. सडा-रांगोळीची सवय आहे तुला, तुझा जिना चांगलाच झाडला जाईल, आणि पोराला हातात छोटा झाडू देऊन बरोबर ने. गप्प बसणारं पोरगं जिन्यात बोलायला लागतं, कारण तिथं वर्ग नसतो.

तिथल्या मराठी मंडळाचं तू विचारलंस, जावं का. जा. पण "तुम्ही महाराष्ट्रात कुठले?" हे येणार, आणि बेळगाव म्हटलं की "मग कर्नाटकातले" हेही येणार, आणि तुझं "करूलालास" ऐकून कुणीतरी हसणार. मला एकदा कार्यक्रमात निवेदन करू का विचारलं तर "तुमची मराठी जरा वेगळी आहे ना" म्हणाले, मंडळाचं नाव राहू दे. दुसऱ्या वर्षी मी मांडे करून नेले तेव्हा कुणाला वेगळी वाटली नाही. आणि तिथं कन्नड लोक जमत असतील तर तिकडंही जा की, आपल्याला "ऊटा आत्री?" म्हणजे "जेवण झालं का?" विचारता येतं, ही दुहेरी सोय पुण्याच्या माणसाला नाही. माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण हुबळीची होती.

सासूबाईंचं शेवटी, कारण खरं दुखणं तिथं आहे. कॉलवर "बोल की आजीशी" म्हणून पोराला ढकललं की तो अजून आत जातो. त्यापेक्षा दोघांना काम दे. आजीनं तिकडं शेंगा सोलायच्या, यानं इकडं मटार सोलायचा, फोन समोर उभा, बोलले तर बोलले. आणि जमलं तर त्यांना बोलावून घे, शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान 30,000 युरोचा लागतो. मे-जूनमध्ये बोलव, नोव्हेंबरमध्ये नको, दुपारी साडेचारला अंधार झाला की आपली माणसं घाबरतात. तिसऱ्या आठवड्यात "मला परत पाठवा" येणार, त्याच्या आत त्यांना तुर्की दुकान दाखवून ठेव, भेंडी, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या बघून जीव रमतो. किटातून पोराला आणायचं काम त्यांनाच दे, पण परवानगीचा कागद भरायला विसरू नको, म्हणजे किटाकडं लिहून द्यावं लागतं की आजीला मूल न्यायची परवानगी आहे, नाहीतर देत नाहीत.

सामानाचं मात्र त्यांना आधीच सांग. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, खवा गेला, आणि कुंदा तर दूध आटवूनच केलेला, तेव्हा ते धाडस नको. ताजी फळं-भाजी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच सूट, म्हणजे कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही राहिल्या. ब्याडगीची वाळकी मिरची कुटून मसाला करून आण म्हणावं, भडंगाला लागतो तेवढा तरी.

आणि हो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागं जातं, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. सासूबाई सकाळी पूजा आटपून अकराला फोन लावतात म्हणतेस, तो उन्हाळ्यात तुझ्याकडं साडेसातला येत असेल, मग साडेसहाला यायला लागेल, आणि तोही रविवारी. आधी सांगून ठेव, नाहीतर खालच्या बाई दुसरी चिठ्ठी लावतील.