बाबांना तिखट सोसत नाही, तरी कोल्हापूरला आणा

तुमचा प्रश्न असा आहे: शनिवार-रविवार आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला येताय, बाबांना तिखट सोसत नाही, आई मांसाहार करत नाही, मग काय खायचं आणि मुळात यावं का. या की! बाहेरगावच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची जी लालभडक भाजी मिळते तिच्यावरून धास्ती घेतली असेल, तर ती भाजी आमच्याकडं घरात कुणी करत नाही. तिचा राग आमच्यावर काढू नका.

आधी मटणाचं सांगतो, कारण बाबांचं उत्तर त्यातच आहे. मटण आधी आलं-लसूण आणि मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवतात. हळद कुणी चिमूटभर घालतं, कुणी घालतच नाही. ते शिजल्यावर वर जे पाणी राहतं ते अळणी. सगळं गाव या अळणीवर उभं आहे. पुढं त्याच्या दोन वाटा होतात. एका वाटेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण आणि गरम तेलात कांदा-लसूण चटणी पडते, तो तांबडा रस्सा. दुसऱ्या वाटेला लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, काजू-तिळाचं वाटण आणि शेवटी नारळाचं दूध, तो पांढरा. दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. पांढऱ्यात लाल तिखट नसतंच. झणका असतो तो आलं-लसणाचा आणि मिरीचा. घरात लहान पोराला मटणाची पहिली ओळख बहुतेक अळणी-भातानंच होते.

म्हणजे बाबांसाठी थाळी मागवलीत की वाढप्याला स्पष्ट सांगा, “पांढरा जास्त आणा, तांबडा नको, अळणी असेल तर वाटीभर द्या.” बऱ्याच ठिकाणी दोन्ही रस्से मागाल तितके वाढतात, त्यामुळं संकोच करू नका. सुक्क्यात मात्र चटणी असते. ते बाबांनी भाकरीला टोक लावून बघावं, झेपलं तर ठीक. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. तुम्ही स्वतः तांबडा पिणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिखटाचा जोर वरच्या तवंगात असतो, कारण मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणूनच तोंड भाजल्यावर पाणी ढोसून काही होत नाही, दही-कांदा खा. तवंग चमच्यानं बाजूला सारला तरी रस्सा निम्मा मवाळ होतो. अर्थात हे शेजारच्या टेबलावरच्या कोल्हापूरकराला दिसू देऊ नका.

कुठं जायचं म्हणाल तर पद्मा, देहाती ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल आणि ती वाईट नाहीत. पण माझ्या मते जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. रविवारी दुपारी अख्खं गाव मटणावर तुटून पडतं, दीडला पोचलात तर उभे राहाल. बाराला पाट मांडा. शनिवारी मटण न खाणारी घरं भरपूर आहेत, त्यामुळं त्या दिवशी हॉटेलांत जरा निवांतपणा असतो. बाबांना गर्दी नको असेल तर मटण शनिवारीच उरकून घ्या. मटणाबद्दल हे गाव किती हळवं आहे ते कळायचं असेल तर 2019 च्या अखेरीस काय झालं ते आठवा. मटणाचा दर वाढला म्हणून इथं कृती समिती निघाली आणि आंदोलन झालं. कांद्यासाठी सगळीकडं होतं, मटणासाठी आमच्याकडंच.

आता मिसळ. ती सकाळी खायची, दुपारी नाही. उद्यमनगरातली फडतरे, चोरगे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही प्रसिद्ध नावं. रांग असते. त्या रांगेत तासभर उभं राहण्याइतका फरक मला तरी लागत नाही. तुम्ही उतराल तिथल्या रिक्षावाल्याला “तुम्ही कुठं खाता?” विचारा, तो नेईल तिथंही मटकी, शेव-चिवडा, कांदा आणि वरून कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, तसाच कडक असेल. सोबत ब्रेडचे स्लाइस येतात. ते कट धरून ठेवतात, बुडवून खा. आईसाठी कट वेगळा मागा आणि दही घ्या, मिसळ ओली होण्यापुरताच कट घातला की तिखट आपल्या हातात राहतं. बाबांनी मिसळीच्या वाट्याला जाऊ नये. त्यांना त्याच वेळी लोणी डोसा द्या. तो मूळचा दावणगिरीचा, पण कर्नाटक इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं गल्लोगल्ली मिळतो आणि लोणी हात राखून घालत नाहीत. मिसळीच्या कटात बुडवलेला कटवडा हाही प्रकार आहे, तो तुमच्यासाठी.

आईच्या जेवणाची काळजी करू नका. झुणका-भाकरी, भरलं वांगं, अख्खा मसूर, दही, शेंगदाण्याची चटणी यांची थाळी सहज मिळते. खर्डा ताटात आला तर तो हिरव्या मिरचीचा आहे हे आधी सांगा त्यांना.

संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन झालं की खासबागेकडं चला. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं कुस्तीचं मैदान तिथं आहे, ते बघा आणि शेजारीच राजाभाऊंची भेळ खा. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच-गुळाचं पाणी, सोबत मीठ लावून तळलेली मिरची. मिरची बाजूला ठेवली तर बाबाही खातील. भेळ तिथंच उभ्यानं खायची, बांधून नेऊ नका, रंकाळा तलावापर्यंत पोचेतो चुरमुरे मऊ पडतात.

रात्री गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून फेसाळ ग्लास थेट हातात देतात. तालमींचं गाव आहे, पैलवान पोरं एकामागून एक ग्लास रिचवताना दिसतील. बघायला जरूर जा, पण बाबांना ते पाजू नका. ते कच्चं दूध असतं, सवय नसलेल्या पोटाला, त्यात वय झालेल्याला, नको. त्यांना महाद्वार रोडवर कुठंही गरम मसाला दूध घ्या. गोड खायचं असेल तर सोळंकींकडं कॉकटेल आईस्क्रीम आहे, त्यात फळं आणि जेली असते, नावाला घाबरून आई नको म्हणतील, त्यांना समजावून सांगा.

घरी काय न्यायचं तेही विचारलंय. गूळ न्या. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हंगामात, म्हणजे दिवाळीनंतरच्या थंडीत येत असाल, तर शहराबाहेर गुऱ्हाळं चालू असतात, तिथं गरम काकवी चाखून गूळ घ्या. फार पिवळाधमक दिसला तर नको म्हणा, रसायन न घातलेला गूळ बराचसा काळपट तांबूस असतो. भडंग घ्यायचं तर घ्या, ते खरं तर सांगली-जयसिंगपूरकडचं, पण मिळतं इथंही.

कांदा-लसूण चटणीचं मात्र जरा नीट करा. देवळाजवळच्या दुकानातलं तयार पाकीट घेण्यापेक्षा मसाला कुटून देणाऱ्या एखाद्या डंकावर विचारा. उन्हाळ्यात आमच्या बायका मिरच्या, कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, बाकीचा मसाला घेऊन डंकावर कुटायला जातात, काही डंकवाले विकतही देतात. घेताना मिरची कुठली ते विचारायचं. संकेश्वरी जास्त असेल तर तिखट, बेडगी जास्त असेल तर रंग भरपूर आणि तिखट कमी. तुमच्या घरासाठी बेडगी जास्त असलेली घ्या, पाव किलोच घ्या, आणि पहिल्यांदा आमटीला अर्धा चमचाच घाला.