खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे केव्हा सोडावेत?

परभणीत घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावून आठवडा झाला आहे, पाणी नितळ दिसते आणि दुकानदार क्लाउनफिश सोडायला सांगतो, तर सोडावेत का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, अजून सोडू नयेत. पाणी नितळ आहे यावरून ते तयार आहे असे ठरत नाही, कारण माशांना विषारी असलेल्या अमोनियाला रंग नसतो.

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि त्यांच्या कल्ल्यांतून होणारे उत्सर्जन यांतून अमोनिया तयार होतो. काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीव पाण्यात तरंगण्यापेक्षा खडक, वाळू आणि फिल्टरमधील स्पंज यांच्या पृष्ठभागावर वसतात आणि अत्यंत सावकाश वाढतात. म्हणून कोरड्या, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव नसलेल्या, खडकावर लावलेल्या टाकीला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे धोका अधिक आहे, कारण समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच व तापमान जितके जास्त, तितका अमोनियाचा विषारी वाटा वाढतो. याउलट नायट्राइट खाऱ्या पाण्यात त्या मानाने कमी घातक ठरते, कारण क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत सहज शिरत नाही.

सुरुवातीला मासे सोडून त्यांच्याच विष्ठेवर टाकी ‘पिकवण्याची’ पद्धत मला मान्य नाही. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणावे. हाच आपला नवसागर. परंतु कल्हईसाठी मिळणारा बाजारातील नवसागर अशुद्ध असतो, तो वापरू नये. २०० लिटरला सुमारे सव्वा ग्रॅम टाकल्यास अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. सोबत समुद्री टाकीसाठीचे बाटलीबंद जिवाणू टाकल्यास काळ बराच कमी होतो. नंतर दर दोन-तीन दिवसांनी चाचणी करावी: आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची चाचणी फसवा, फुगलेला आकडा दाखवते, त्यामुळे त्या काळात तिच्यावर विसंबू नये. पुन्हा तेवढाच अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. दिनदर्शिकेवरून ठरवू नये.

मराठवाड्यात खरी अडचण मात्र पाण्याची आहे. बोअरचे पाणी जड असते आणि शेतीतील खतांमुळे अनेक ठिकाणी त्यात नायट्रेटही असते, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. घरातील आरओ यंत्राचे पाणी चालेल असे अनेकांना वाटते, पण पिण्याच्या चवीसाठी अनेक यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) नियंत्रक बसवून कच्चे पाणी मिसळलेले असते. म्हणून मीटरने टीडीएस मोजावा आणि आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची, नळी लावून तो शून्याजवळ आणावा. त्याच पाण्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, विरघळवून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजण्याच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईपर्यंत जुळवावे. खाण्याचे मीठ अजिबात नको.

उन्हाळ्यात आपल्याकडील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घट भरून काढताना नेहमी डीआयचे गोडे पाणीच घालावे. याच कोरडेपणाचा एक लाभ असा की, पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तरी तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, जे मुंबईच्या दमट हवेत एवढे साधत नाही. वीज गेल्यावर मात्र पंप इन्व्हर्टरवर चाललाच पाहिजे, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि प्रवाह थांबला की तो लवकर संपतो.

‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड, टाकल्यास काम लवकर होते, असेही आपल्याला कोणी सांगेल. समुद्रातून काढलेल्या अशा दगडाबरोबर प्रवाळही येतात आणि खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. कोरडा खडक पुरेसा आहे. मध्यंतरी त्यावर तपकिरी थर येईल. तो बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि कालांतराने आपोआप ओसरतो.

चाचणीत टाकी उतरल्यावर साचलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे आणि एक-दोनच मासे सोडावेत. मासे मुंबई किंवा हैदराबादहून यायला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी थोडा अमोनियम क्लोराइड घालत राहावे, अन्यथा जिवाणूंची संख्या उपासमारीने घटेल.