काच फुटते, मग अणुकचरा काचेत कशाला?

प्रश्न : आम्ही बोईसरला राहतो. तारापूरचा किरणोत्सर्गी कचरा काचेत बंद करतात, असं मुलाने शाळेतून ऐकून आल्यावर सांगितलं. माझ्या हातून महिन्याला एक तरी पेला फुटतो. इतक्या नाजूक वस्तूत इतका घातक कचरा का ठेवतात?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : ताई, हिरवी काचेची बांगडी आठवा. ती रोज धुणंभांडी करते, साबण-सोडा सोसते, तरी तिचा रंग पाण्यात उतरत नाही. पिचली तरी तुकडा आतून हिरवाच. कारण रंग देणारे क्रोमियमचे किंवा तांब्याचे अणू वितळलेल्या काचेत विरघळून तिच्या जाळ्यात पक्के बसलेले असतात.

बाटल्यांच्या कारखान्यात मी तीस वर्षं भट्टीवर काढली, म्हणून हे ठामपणे सांगतो. अणुकचरा काचेच्या भांड्यात भरत नाहीत, त्याचीच काच करतात. वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं की नायट्रिक ॲसिडमधला अतिशय किरणोत्सर्गी द्रव उरतो. तारापूरला तो आटवून सिलिका, बोरॉन वगैरे असलेल्या काचमालाबरोबर साधारण 950 अंश सेल्सिअसला वितळवतात. ही बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राच्या जातीची. मग तो रस स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओतून झाकण वेल्ड करतात. माणूस जाड भिंतीपलीकडे उभा राहून यांत्रिक हात चालवतो, आणि ज्या खिडकीतून तो बघतो तीही शिसं घातलेल्या हातभर जाड काचेचीच!

आता फुटण्याचं. डब्यातली काच निवताना थोडीफार तडकतेच. आम्ही बाटल्या सावकाश निववायचो, तशी तीही निववतात, पण एवढ्या मोठ्या ढेपेला तडे जायचेच. तड्यांमुळे पाणी लागण्याजोगा पृष्ठभाग वाढतो, पण अणू जागचे हलत नाहीत. पाणी या काचेलाही झिजवतं, फक्त अत्यंत हळू. काचेऐवजी पूड असेल तर गोष्ट वेगळी. 1987 साली ब्राझीलमधल्या गोयानियात एका बंद पडलेल्या दवाखान्यातल्या यंत्रातून किरणोत्सर्गी सिझियम क्लोराइडची पूड बाहेर आली. अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती घरोघरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. ते वाचलं की अजून पोटात तुटतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुकचऱ्यातलं सिझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या आहेत. रुग्णाला देण्याआधी रक्तावर किरण सोडणाऱ्या यंत्रात त्या वापरतात. पेन्सिल तुटली तरी पूड उधळत नाही.

मला खरी काळजी वाटते ती सल्फेटची, म्हणजे गंधकाच्या क्षारांची. आमच्या भट्टीत सल्फेट जास्त झालं की वितळलेल्या काचेवर मिठासारखा थर तरंगायचा, काही केल्या आत शिरायचा नाही. अणुकचऱ्यातही तसाच पिवळा थर सुटतो, त्यात सिझियम जाऊन बसतं, आणि तो थर पाण्यात विरघळतो! म्हणजे केलेली सगळी मेहनत पाण्यात. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) कचऱ्यात सल्फेट होतं, म्हणून तिथे बेरियम घातलेली वेगळी काच बनवली. बेरियममुळे सल्फेट काचेत सामावतं. काचेचा कारागीर म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा, कचऱ्याची ही काच किरण थांबवत नाही, फक्त अणूंना हिंडू देत नाही. सिझियम आणि स्ट्रॉन्शियम दर तीसेक वर्षांनी निम्मे होतात, पण काही मूलद्रव्यं हजारो वर्षं टिकतात. त्यांच्यासाठी खोल खडकात कायमची जागा लागेल, आणि आपल्याकडे ती अजून झालेली नाही. तोवर तारापूरचे डबे जाड काँक्रीटच्या कोठारात आहेत. काच आतल्या आत तापत असते, म्हणून ती गार ठेवावी लागते. गरम हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि तिच्या ओढीने थंड हवा आत येते. त्याला पंखा लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी हवा वाहत राहते.