सी++ मध्ये ब्रेसने, म्हणजे {} वापरून, स्ट्रक्ट (अनेक घटक एकत्र ठेवणारा प्रकार) भरताना दुसऱ्या मेंबरने (घटकाने) एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) फेकलं, तर पहिल्याचा डिस्ट्रक्टर (नष्ट होताना चालणारं फंक्शन) चालत नाही. काय करावं?

तुमचा कोड बरोबर आहे. पूर्ण तयार झालेले मेंबर उलट क्रमाने नष्ट व्हायलाच हवेत, असं सी++ चं स्टँडर्ड सांगतं. जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांत हा दोष होता.

मेंबर आधी नावं देऊन लोकल व्हेरिएबल म्हणून बनवा आणि मग मूव्ह करून (कॉपी न करता आतला माल हलवून) स्ट्रक्टमध्ये टाका. दुसरा फसला तरी पहिल्या लोकलचा डिस्ट्रक्टर चालतो. मूव्ह कन्स्ट्रक्टर (मूव्ह करताना नवा ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) नोएक्सेप्ट, म्हणजे एक्सेप्शन न फेकणारा, असू द्या, नाहीतर तोच घोळ पुन्हा. स्ट्रक्टला साधा कन्स्ट्रक्टर लिहूनही भागतं. मला तेच जास्त आवडतं.

खात्रीसाठी कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरमध्ये धिस पॉइंटर (त्या ऑब्जेक्टचा पत्ता) छापा. कॉपी आणि मूव्ह कन्स्ट्रक्टर विसरू नका, नाहीतर डिस्ट्रक्टर उगाच जास्त दिसतील.